चेन्नईतला एक दिवस आणि तपकिरी डोक्याचा कुरव

फौजेत कागदाशिवाय काही होत नाही. सहलसुद्धा नाही. गेल्या जानेवारीत माझा एक कोर्समेट दोन दिवसांसाठी चेन्नईला येणार असं ठरलं, आणि मी रात्री जेवण झाल्यावर नकाशा, पेन्सिल आणि चहाचा कप घेऊन टेबलाशी बसलो. उद्देश, जमीन, वेळ, वाहन, रसद अशा शीर्षकांखाली पक्षिनिरीक्षणाच्या एका दिवसाची रीतसर योजना लिहून काढली. पानाच्या शेवटी सही करायचंच काय ते बाकी होतं.

सौ.ने चष्म्यावरून कागद वाचला आणि विचारलं, "भावोजींना विचारलंत का, त्यांना काय बघायचंय ते?"

"सरप्राइज आहे," मी म्हटलं.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोर्समेट म्हणजे खडकवासल्याला तीन वर्षं ज्याच्यासोबत रगडा खाल्ला तो. हा कराडकडचा. गावातल्या सगळ्यांची भांडणं सोडवल्यासारखा स्क्वाड्रनमध्ये वावरायचा, म्हणून आम्ही त्याला 'सरपंच' म्हणायचो. प्रबोधिनीत पाण्याच्या काठाला पीकॉक बे नावाची जागा आहे. हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावर पक्षी उतरायचे, पण तीन वर्षांत आम्ही दोघांनी मान वर करून एकही पाहिला नाही. मान वर करण्याची परवानगी होती कुठे!

पुढे कॅप्टन असताना आम्ही लडाखमध्ये शेजारशेजारच्या युनिटात होतो. त्यानंतर काही वर्षांनी नियंत्रण रेषेवर सुरुंगावर पाय पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. मी हॉस्पिटलात त्याला एकदा भेटलो. दुसऱ्यांदा जायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही. बदली, कोर्स, पुन्हा बदली अशी कारणं मिळत गेली आणि दहा वर्षं निघून गेली. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय मिळाला, तो शेती बघू लागला आणि घराच्या गच्चीवर बसून पक्ष्यांच्या नादाला लागला. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं.

तर योजना अशी होती. पहाटे पाचला सेंट थॉमस माउंटहून निघायचं. सुमारे सत्तर किलोमीटरवर वेदांतंगल. तिथल्या तळ्याच्या बांधावर चांगली वाट आहे, बसायला जागा आहे. सकाळ तिथे काढायची. दुपारी घरी जेवण. संध्याकाळी पळ्ळीकरणै, तिथे गाडीतून उतरायचीही गरज नाही. अड्यार नदीचं मुख मी यादीत लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. तिथे वाळूतून चालावं लागतं.

सरपंच आदल्या दिवशी दुपारी आला. जेवण झाल्यावर मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे का खोडलंस?"

"तिथे फारसं काही नसतं."

"लेका, नदीच्या मुखाशी जानेवारीत काही नसतं?" त्याने कागद घडी करून परत दिला. "ही योजना पक्ष्यांची नाही. माझ्या पायाची आहे."

मी गप्प बसलो. सौ. उठून आत गेली.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पँगाँगच्या काठचे ते कुरव आठवतात? तपकिरी डोक्याचे? जवान त्यांना पुरीचे तुकडे टाकायचे. ते हिवाळ्यात समुद्रावर उतरतात असं वाचलंय. मला तो एकच पक्षी बघायचाय. बाकी तू दाखवशील ते."

मग आम्ही दोघं नव्याने बसलो, आणि तेव्हा माझी चूक मला दिसली. मी जमिनीचा विचार केला होता, पाण्याचा केलाच नव्हता. किनाऱ्यावरच्या शहरात पक्ष्यांचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. चेन्नईला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभराचा, पण तेवढ्यानेही मुखाजवळचा चिखल उघडा पडतो आणि किडे, शिंपल्या वेचायला पक्षी उतरतात. पाणी चढलं की ते पांगतात. मोबाइलवर बंदराचं वेळापत्रक काढलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीचा तळ सव्वासातला होता.

दुसरी गोष्ट उजेडाची. चेन्नईचा समुद्र पूर्वेला. सकाळी समुद्राकडे बघत बसलात तर डोळ्यांत ऊन आणि पक्षी नुसते काळे ठिपके. मुखाशी समुद्राकडे पाठ करून नदीच्या बाजूला तोंड केलं की तोच सूर्य पक्ष्यांवर पडतो. तोफखान्यात ओपीची जागा निवडताना सूर्य कुठे असेल हे आम्ही आधी बघतो. सहलीच्या वेळी नेमकं तेच विसरलो होतो.

तिसरी गोष्ट वेदांतंगलची. तिथे घरटी करणारे पक्षी चरायला लांबलांब जातात आणि दिवस मावळताना थव्याथव्याने परततात. म्हणजे ती संध्याकाळची जागा. एकूण मी दिवस उलटा लावला होता. तारीख मात्र नशिबाने बरी निघाली होती. पोंगलच्या सुट्टीत, विशेषतः काणुम पोंगलला, इथली घरंच्या घरं समुद्रावर आणि तळ्यांवर लोटतात. आमचा दिवस त्यानंतरच्या आठवड्यातला, आडवारी होता.

सकाळी सव्वासहाला बेझंट नगरच्या उत्तर टोकाला कोळ्यांच्या वस्तीपाशी गाडी लावली. तिथून तुटक्या पुलाकडे आणि पुढे वाळूतून मुखाकडे. कृत्रिम पायाला कठीण रस्ता चालतो, चढही चालतो. वाळू मात्र टाचेखालून सरकते आणि त्या पायाचा घोटा तिच्याबरोबर वळत नाही. काठीही रुतते. मी हात पुढे केला. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं. शंभरेक पावलांवर तो थांबला, घाम पुसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खांदा दे जरा," म्हणाला. "तसला नव्हे. त्याला अजून अवकाश आहे."

एवढ्या पहाटे त्या वाळूत आम्ही दोघं मूर्खासारखे हसत उभे होतो.

मुखाशी घडीचं स्टूल उघडलं. चिखलावर टिलवे आणि चिखल्या धावत होते, सुरय पाण्यावर सूर मारत होते. आणि पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर कुरवांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. पंचाईत अशी की हिवाळ्यात या पक्ष्याचं तपकिरी डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे एक गडद डाग तेवढा उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच. फरक डोळ्यात आणि पंखात. आपल्या पाहुण्याचा डोळा फिकट असतो आणि उडताना पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसतात.

मी जुन्या सवयीने सुरू केलं. "हिदायती निशान, तुटक्या पुलाचं टोक. तिथून डावीकडे तीन बोटं. वाळूवर एकटा."

"दिसला," सरपंच म्हणाला.

तेवढ्यात तो उडाला आणि पंखांची टोकं उघडली. चौदा हजार फुटांवरच्या तळ्याकाठी उन्हाळा काढणारा, दोन हजारांहून अधिक किलोमीटर खाली उतरून आलेला पक्षी. सरपंचाने दुर्बीण खाली घेतली नाही. पाऊण तास आम्ही काही बोललो नाही. पाणी चढू लागल्यावर निघालो.

पळ्ळीकरणैला दहाच्या सुमारास पोचलो. एका बाजूला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला पेरुंगुडीचा कचऱ्याचा डोंगर, आणि मध्ये ही पाणथळ. २०२२ मध्ये तिचं नाव रामसर यादीत गेलं. कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पाण्यात दाटीने फिरत होते. कमळपक्षी पानांवरून चालत होते. रोहित एका पायावर उभे होते. सरपंच म्हणाला, "बघ, यांना कुणी विचारत नाही दुसरा पाय कुठंय ते."

घरी जेवून, तासभर आडवे होऊन, साडेतीनला वेदांतंगल. तीसेक हेक्टरचं गावतळं. आपल्याकडचा पाऊस परतला की इथला खरा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबरचा, सुरू होतो आणि तळं भरतं. पाण्यात उभ्या असलेल्या समुद्रफळाच्या झाडांवर चित्रबलाक, शराटी, चमचे आणि झोळीवाले यांची घरटी गच्च लागलेली असतात. विष्ठा पाण्यात पडते आणि तेच पाणी शेताला खत होतं, म्हणून गावकरी पिढ्यान् पिढ्या पक्षी राखतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे ब्रिटिश शिपाई शिकारीला येत. गावाने कलेक्टर लायनेल प्लेसकडे तक्रार केली आणि तळ्याला संरक्षण मिळवलं.

"म्हणजे पक्ष्यांना पहिला त्रास आपल्याच लोकांचा," सरपंच म्हणाला.

पाचनंतर थवे यायला लागले. एकेक चित्रबलाक पाय लोंबकळत ठेवून झाडावर उतरायचा आणि घरट्यात एकच गलका व्हायचा. त्या गलक्यातच मी विषय काढला. म्हटलं, "हॉस्पिटलात मी परत यायला हवं होतं."

तो दुर्बिणीतूनच बघत होता. "हो," म्हणाला, "यायला हवं होतंस." थोड्या वेळाने त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. "ते उजवीकडचं घरटं बघ. तीन पिल्लं आहेत."

तीन होती. सहाला फाटक बंद होईपर्यंत आम्ही बांधावर होतो.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. येत्या जानेवारीत पुलिकत. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेवरचं ते मोठं खाजण. योजना तो करणार, माझ्याकडे गाडी आणि डबे. पुलिकतला पक्ष्यांजवळ जायचं तर काठावरून नावेत चढावं लागतं, आणि नाव हलते.

मी त्याबद्दल काही बोललो नाही. फक्त विचारलं, निघायचं किती वाजता.