बीडाला रंग देताना

वडिलांच्या पश्चात वाटणीत माझ्या हिश्श्याला आलेली 1976 सालची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती; आणि शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचा संकल्प मी सोडला तेव्हा, पत्रा आणि बैठकी यांचा विचार पुढे ढकलून आधी इंजिन उतरवायचे आणि त्याचे अंतर्बाह्य शुद्धीकरण स्वतःच्या हाताने करायचे, असा काहीसा अविचारी हट्ट धरून बसलो. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला असला हट्ट परवडतो. ओतकामापासून लेथपर्यंत जे म्हणून लागेल ते उद्यमनगरात सायकलच्या अंतरावर मिळते; शिवाय चाळीस वर्षे फौंड्रीत काढलेला माझा शेजारी मिस्त्री सल्ला द्यायला, माझ्या दुर्दैवाने, सदैव मोकळा असे.

हे इंजिन मूळ इटालियन घराण्यातले. फियाट 1100 चे ते चार सिलिंडरांचे, 1089 घनसेंटिमीटरचे यंत्र कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनत राहिले आणि 1974 साली गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले तेव्हाही तेच कायम राहिले. ब्लॉक बीडाचा, हेड ऍल्युमिनियमचे आणि धूर बाहेर नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पुन्हा बीडाचे, हा भेद मला तोंडपाठ होता. तरीसुद्धा पहिल्याच रविवारी, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची काजळी आणि तेलाचा राप एका दमात काढण्याच्या मोहाने, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने भरलेल्या जुन्या तपेल्यात मी बीडाच्या कंसांबरोबर पाण्याच्या नळीचा ऍल्युमिनियमचा कोपरही सोडून दिला. पाणी फसफसू लागले. ही मळ सुटल्याची खूण, अशी माझी भाबडी समजूत. वस्तुतः कॉस्टिक ऍल्युमिनियमच खात होता आणि वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे होते. अर्ध्या तासाने कोपर चिमट्याने बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडाशी वाळवी लागलेल्या लाकडासारखी भोके पडली होती. मिस्त्री कुंपणावरून वाकून म्हणाला, “आवं मास्तर, बीड आन् अल्मिनियम एका तपेल्यात शिजवायला ही काय आमटी हाय?” नवा कोपर जुन्या बाजारात मिळाला, पण हा प्रश्न पुढे वर्षभर गल्लीत फिरत राहिला.

मॅनिफोल्ड उतरवताना मात्र त्याच मिस्त्रीने माझी लाज राखली. गंजाने एकजीव झालेले नट पान्याला दाद देईनात आणि जोर केला तर स्टड हेडमध्येच मोडणार हे उघड दिसत होते. त्याने गॅसच्या ज्योतीने एकेक नट तापवला, ज्योत बाजूला घेतली आणि देवघरातली मेणबत्ती नटाच्या कडेला टेकवली. मेण वितळून आट्यांत असे शिरले की जणू तहानेनेच शोषले गेले, आणि पान्याच्या दुसऱ्या हिसक्याला नट कुरकुरत फिरला. परत बसवताना नट पितळेचे घालायचे, म्हणजे पोलादी स्टडशी ते गंजाने जखडत नाहीत, ही ताकीदही त्याचीच.

उद्यमनगरात वाळूच्या फवाऱ्याने स्वच्छ करून आणलेले मॅनिफोल्ड राखेच्या रंगाचे, हाताला मखमलीसारखे लागणारे, इतके देखणे झाले होते की ते रात्रभर टेबलावर ठेवून न्याहाळण्याचा मोह मला आवरला नाही. दिवस आषाढाचे होते. सकाळी पाहतो तो सर्वांगावर नारिंगी बुरा. फवाऱ्याने उघडे पडलेले, खरखरीत झालेले लोखंड दमट हवेतले पाणी किती अधाशीपणाने घेते, हे त्या एका रात्रीत कळले. पुन्हा फवारा, पुन्हा मजुरी. दुसऱ्या खेपेस मी ते घरी आणून ताबडतोब शेगडीवर तापवले, कारण बीडाच्या छिद्रांत मुरलेले तेल आणि ओल उष्णतेनेच बाहेर येते. मग थिनरच्या फडक्याने पुसून ठेवले आणि रंगाचा डबा उघडला. येथे साधा इनॅमल कामाचा नाही. तो पहिल्याच फेरीत जळून पोपडे धरतो. सिलिकॉनच्या राळेत ऍल्युमिनियमची भुकटी मिसळलेला, 600 अंशांपर्यंत टिकणारा रंग मी आणला होता. तो पातळ हातांनी द्यायचा आणि नंतर तापवूनच पक्का करायचा. तोवर पेट्रोलच्या एका थेंबानेही सुटतो.

“आता बोट लावायचं न्हाई,” मिस्त्रीने मला हुकूम सोडला, “घामाचं तेल लागलं की तिथं रंग धरायचा न्हाई.” असे म्हणत त्याने मॅनिफोल्ड उलटे करून मला खालची बाजू दाखवली. उघड्या हाताने.

सायलेन्सरला मी रंग दिलाच नाही. तो नवा घेतला. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निपजते. ते थोड्याशा फेरीत थंड नळ्यांत साचते आणि धुरातल्या आम्लांसह पत्र्याला आतून पोखरते, म्हणून बाहेरून कितीही शृंगार केला तरी तो व्यर्थ. सर्वांत खालच्या जागी बारीक भोक पाडून साचलेल्या पाण्याला वाट ठेवली, आणि या उद्योगात मला सर्वाधिक समाधान देणारे काम कदाचित तेच.

श्रावणात इंजिन चालू झाले. रंग पक्का करण्यासाठी पहिल्या दिवशी दहा मिनिटे, थंड झाल्यावर वीस, मग अर्धा तास, अशा हप्त्यांनी ते चालवायचे होते. पहिल्याच हप्त्यात बॉनेटखालून निळसर धूर आणि कडवट वास येऊ लागला. सौभाग्यवती पाण्याची बादली घेऊन धावत आली. “अहो, पेटली ना शेवटी?” रंग शिजतोय, हे तिला पटवून बादली खाली ठेवून घेण्यात दोन मिनिटे गेली.

तिसऱ्या दिवशी थंड झालेले मॅनिफोल्ड मी टॉर्चच्या उजेडात तपासले. रंग घट्ट, निस्तेज रुपेरी, कुठे पोपडा नव्हता. फक्त खालच्या वळणावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा रंग न धरता उघडी राहिली होती आणि तिच्यात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. मी मिस्त्रीला हाक मारली. त्याने चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाहिले, मग स्वतःचा अंगठा धोतराला पुसला आणि म्हणाला, “तुमचाच असंल, मास्तर.”