कतरणीच्या टोपल्या

भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे ओळखले जातात ते स्टीलच्या भांड्यांसाठी. पण त्याच गाळ्यांत छपाईचीही कामं चालतात आणि माझा कच्चा माल तिथून येतो. पत्रिका, खोकी, भेटकार्डं कापून झाली की कटिंग मशीनखाली कडेच्या पट्ट्या उरतात. दोन-तीन बोटं रुंद, हातभर लांब, २५०-३०० जीएसएमचा जाड कागद. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला तिळगुळासाठी लागणाऱ्या छोट्या टोपल्या मी त्यातून करते.

शिकायला येणाऱ्या मुली आधी नमुना पसंत करतात आणि मग त्या मापाचा कागद शोधतात. मी आधी कतरण हातात घेऊन वाकवून बघते. गिरणीत ओला लगदा पुढे सरकणाऱ्या जाळीवर पसरतो, तेव्हा बहुतेक तंतू सरकण्याच्या दिशेनं आडवे पडतात. त्यामुळे कागद एका बाजूनं सहज वळतो, दुसऱ्या बाजूनं अडून बसतो. गंमत अशी, की एकाच शीटच्या लांब कडेची पट्टी आणि आखूड कडेची पट्टी, रंग तोच, जाडी तीच, पण स्वभाव उलटे. हाताला कळत नसेल तर तुकड्याची एक बाजू ओली करावी. तो आपोआप गुंडाळतो आणि त्या नळीची लांबी असते तीच तंतूंची दिशा.

विणीच्या टोपलीत याचा सगळा खेळ आहे. तंतू लांबीला असलेल्या पट्ट्या मी उभ्या वापरते, कारण त्या ताठ राहतात. मात्र तळाशी दुमडताना त्या तडकतात. म्हणून आधी संपलेल्या रिफीलनं फूटपट्टी लावून रेघ दाबायची आणि रेघेची खाच बाहेर राहील अशीच घडी घालायची. बहुतेकजण खाच आत घेतात. तिथे नाइलाजानं दुमडल्यासारखा कोपरा येतो, आणि छापील बाजू असेल तर शाईही उडते. रुंदीला तंतू असलेल्या पट्ट्या मुकाट वळतात, त्या आडव्या फिरवायच्या. तळाला चार उभ्या आणि चार आडव्या विणल्या की सोळा टोकं वर येतात. दर ओळीला वेगळी पट्टी लावून चिकटवायची असेल तर ही सम संख्याच सोयीची. बुरूडकामासारखी एकच लांब पट्टी फिरवत वर न्यायची असेल तर विषम हवी, नाहीतर दुसऱ्या फेरीतही वरची वरच आणि खालची खालीच येते.

न विणता, चौकोनाचे कोपरे कापूनही टोपली होते. १५ सेंटीमीटरच्या चौकोनाचे कोपरे अडीच सेंटीमीटरचे कापले तर आत २५० घन सेंटीमीटर मावतात. त्याहून जास्त कुठल्याच मापात नाही. पाचाचे कापले तर बरोबर निम्मे. तरी मी पाचाचेच कापते. पसरट टोपलीत चार लाडू बिचारे दिसतात, उभ्या टोपलीत तेच चार काठाशी येतात. गणिताच्या बाईंना हे पटणार नाही.

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आली, तेव्हापासून अशा कामाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणायची पद्धत पडली आहे. प्लॅस्टिकची चकचकीत फिल्म चढवलेली पत्रिका कापून ते म्हणण्यात अर्थ नाही. तशी कतरण मी घेतच नाही. फेव्हिकॉलही त्या बाजूला धरत नाही. पावसाळ्यात तर सगळंच काम थांबवते. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र. तंतू ओल पिऊन जाड होतात, उभी पट्टी रुंदीला जास्त फुगते आणि विणीत सैल बसलेली जागा दाटते.

सध्या बोरन्हाणासाठी मागणी जास्त आहे. बोरं, हरभरे, चुरमुरे, गोळ्या असं मुलांना भरून द्यायचं असतं. मोठी माणसं टोपली तळहातावर घेतात, मुलं थेट दांडीला लटकतात. वरच्या काठाला चिकटवलेली दांडी तिथेच सुटते. म्हणून दांडीसाठी लांबीला तंतू असलेली सगळ्यात लांब कतरण राखून ठेवते, तळाखालून घेते, तिथे घडी न घालता नुसती वळवते आणि दोन्ही बाजूंनी विणीत ओवत वर आणते. तळाखालचा तो भाग झाकायला एक चौकोनी तुकडा लागतो, तोही कतरणीतलाच.