खारपाणपट्ट्यातून आईला

खामगाव

प्रिय आई,

जळंबला गाडी बदलून काल संध्याकाळी पोचले. हा जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा फाटा कापसासाठी टाकला आणि १८७० मध्ये खुद्द लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला होता, हे पप्पा दर वेळी याच गाडीत सांगायचे. काल शेजारच्या मुलाला मीच ते सांगितलं.

पप्पांच्या पणजीला छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, याच गावात मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं होतं. अलायन्स मिशनचे लोक तेव्हा अकोला-खामगाव भागात काम करत होते. आपलं ख्रिस्तीपण तिथून सुरू झालं. शाळेत मुली मला 'भाकरीसाठी बाटलेले' म्हणायच्या आणि मी रडत घरी यायचे, आठवतं ना? आता मला त्या शब्दांची लाज वाटत नाही. उपाशी लेकराला ज्यांनी जेवू घातलं त्यांचा देव तिला खरा वाटला, यात खोटं काय आहे? आपल्या घराण्याचा विश्वास भुकेतून आला आणि म्हणूनच मी त्याला मोलाचा मानते. तो मोलाचा होता म्हणूनच गमावल्याचं इतकं लागलं.

संग्रामपूर

प्रिय आई,

आज आपल्या गावात जाऊन आले. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन वरून किती सुपीक दिसते! पण खालचं पाणी तेच, खारट. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरला आहे आणि संग्रामपूर-जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराने माणसं जात आली आहेत. वान धरणावरून १४० गावांची पाणीयोजना झाली, तरी नळ आला नाही की लोक पुन्हा बोअरवर जातात. त्या पाण्याने चहा अजून तसाच फाटतो.

ओट्यावर बसले आणि पप्पांचा हात आठवला, फिस्टुलाने फुगलेला. डायलिसिससाठी पहाटेच्या एसटीने अकोला, रात्री उशिरा परत. जन्मभर खारं पाणी प्यायलेल्या माणसाला शेवटी गोडं पाणीसुद्धा मापून मिळायचं. तू पेल्यावर पेनने रेघ मारून ठेवली होतीस. एक एकर गेलं, मग दुसरं गेलं. तरी आपण सगळे रोज रात्री प्रार्थना करत होतो.

मग प्रार्थनेला आलेले ते प्रचारक, पप्पा जागे असताना, त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "या घरात विश्वास कमी पडतोय." तू उठून दार उघडलंस आणि त्यांना जायला सांगितलंस. त्यानंतर आपल्याकडे प्रार्थना झाली नाही. लोकांना वाटतं, पप्पा गेले म्हणून आपण देवाला सोडलं. आई, माझा विश्वास पप्पांच्या मरणाने गेला नाही. ते जिवंत असताना, त्या संध्याकाळी, त्या एका वाक्याने गेला. पप्पांनी त्या रात्री तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ते मी आजही विसरू शकत नाही.

खामगाव

प्रिय आई,

रविवारी उपासनेला गेले. जायचं ठरवलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या मावशी हाताला धरून घेऊन गेल्या. त्यांचे यजमानही किडनीनेच गेले, तुला माहीत आहे. प्रार्थनेच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि देवाला मोठ्याने जाब विचारू लागल्या: पाण्याचा, नवऱ्याचा, धाकट्या लेकाच्या वाढलेल्या क्रिएटिनीनचा. कुणी त्यांना गप्प केलं नाही. पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही, ८८वं स्तोत्र वाचलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. ज्यांनी शास्त्र जुळवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. ईयोबाचे मित्र किती शहाणपणाने बोलतात, आणि देव शेवटी रागावतो तो त्यांच्यावर!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, एवढं भांडून परत इथंच येता?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोनाशी भांडू व? तोच त आहे."

रात्री पंडिता रमाबाईंचा विचार करत होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. व्रतं केली, दानं दिली, देव पावला नाही आणि त्यांचा विश्वास उडाला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी 'माझी साक्ष'मध्ये त्या म्हणतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी भेटला. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक. तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. पुढल्याच वर्षी त्या गेल्या. एवढ्या मोठ्या बाईला वेळ लागला, तर आपल्याला लागला यात कमीपणा नाही.

पप्पा का गेले याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण काल रात्री मी प्रार्थना केली; निम्मी तक्रारच होती. पाळकसाहेबांना भेटून एवढंच सांगितलं की आजाऱ्याच्या घरी कुणाला पाठवाल तर विश्वासाचं माप काढणाऱ्याला पाठवू नका. त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं.

तू माझ्याबरोबर उपासनेला यावंस म्हणून मी गळ घालणार नाही. यावंसं वाटलं तर ये, रागासकट ये. मात्र एक गोष्ट नक्की कर: या आठवड्यात तुझी आणि दादाची रक्ततपासणी करून घे. माझी मी उद्या इथेच करते. तेच पाणी आपण सगळ्यांनी प्यायलं आहे.

तुझी लेक