आनण्यसुख

आमचे बालपण विडीच्या सुपाभोवती गेले. आई-बाबा दिवसभर तेंदूच्या पानांत तंबाखू भरीत आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चाले. त्या काळी वस्तीत सायकल असणे हीच श्रीमंती होती. आज त्याच वस्तीत दारोदारी मोटारसायकल आहे, हातोहाती मोबाईल आहे. याचा आम्हांला आनंदच वाटतो. ज्यांना शतकानुशतके धड वस्त्र आणि धातूचे भांडे वापरण्याचीही मनाई होती, त्यांच्या घरात भंडाऱ्याची पितळी भांडी चमकली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु बाजार भरला म्हणजे राष्ट्राचे कल्याण झाले काय? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. त्या मातांच्या घरी टीव्ही होता की नव्हता, हे विचारून कोणाचे सांत्वन झाले असते? माणूस घरासाठी टीव्ही विकत घेऊ शकतो. सुरक्षित रुग्णालय आणि चांगली शाळा एकट्याने विकत घेता येत नाही. ती समाजाने मिळून उभी करावी लागते.

दोष केवळ शासनाचा म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. सोळा वर्षांपूर्वी आम्ही हप्त्यांवर मोटार घेतली. त्याच उन्हाळ्यात एक माजी विद्यार्थिनी वडिलांसह आली. परिचारिका अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी काही रक्कम कमी पडत होती. “या महिन्यात हप्ता आहे,” असे आम्ही म्हणालो. प्रवेशाची मुदत टळली आणि पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. आज ती धानाच्या बांधीत रोवणीला जाते. भेटली की हसून “जयभीम सर” म्हणते. तिची तक्रार नाही, आणि तेच आम्हांला अधिक बोचते.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : अत्थिसुख, भोगसुख, आनण्यसुख आणि अनवज्जसुख. म्हणजे संपत्ती असणे, तिचा उपभोग घेणे, ऋणमुक्त असणे आणि आचरण निर्दोष असणे. पहिली तिन्ही मिळूनही चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढी भरत नाहीत. आमची मोटार भोगसुखाची होती. आनण्यसुख हप्त्यांत गेले आणि अनवज्जसुख त्या एका वाक्यात गेले.

राष्ट्राचेही असेच आहे. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक आला आणि उत्पन्नासोबत आयुर्मान व शिक्षण मोजले जाऊ लागले. त्याच्या चार दशके आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. दुकानांची संख्या वाढल्याने ही विसंगती मिटत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, आज शाळेच्या मैदानात तुमच्या गाड्या उभ्या असतील. त्या पाहून आमची छाती फुगेल, हे खोटे कशाला सांगावे? मात्र आपल्या वसतिगृहाचे यश त्या गाड्या मोजून सांगू नये. कोणा मुलीचा प्रवेश आपल्या हप्त्यापायी अडला नाही ना, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आम्ही तो प्रश्न सोळा वर्षे उशिरा विचारला.