वहीच्या मागच्या पानांवरचं शहाणपण

आमच्या पिढीने प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली ती चपला काढून. लॅबच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत एसीच्या गारठ्यात टर्बो सी ची निळी स्क्रीन. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं सांगितलं जायचं. सरांचे बूट मात्र त्याला चालत. आता त्या यंत्राच्या कितीतरी पट ताकदीचं यंत्र खिशात घालून आपण लोकलला लोंबकळतो, आणि धूळ बसलीच तर पँटला पुसतो.

पुस्तकातून आम्ही कमी शिकलो, वहीच्या मागच्या पानांवरून जास्त. पुढून नोट्स, मागून टिपा. प्रोग्रॅमच्या शेवटी गेटसीएच लिहावं, नाहीतर उत्तर डोळ्यासमोरून झपकन निघून जातं. गेलंच तर अल्ट एफ-फाइव्ह दाबून ते परत बघता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोनदा अधोरेखित केलेलं : एफ-टू दाबल्याशिवाय कंट्रोल एफ-नाइन दाबायचं नाही. म्हणजे आधी सेव्ह, मग रन. कारण पॉइंटर भलतीकडे गेला की अख्खं मशीन गोठायचं, रीसेट मारावं लागायचं आणि तासाभराचं टायपिंग गंगेला मिळायचं. उंबऱ्याला हात लावून घराबाहेर पडावं तसं आम्ही एफ-टू दाबून प्रोग्रॅम सोडायचो.

आता एडिटर आपला आपण सेव्ह करतो. नव्या मुलांना सेव्ह नावाचं काही करावं लागतं हेच ठाऊक नाही, आणि का असावं? चांगलंच झालं. तरीही काही सुरू करण्याआधी आमचं बोट एफ-टूकडे जातं, आणि आताच्या लॅपटॉपवर त्याने कधी स्क्रीनचा उजेड वाढतो, कधी आवाज कमी होतो.

त्या काळी आठचं फॅक्टोरियल उणे यायचं. सातचं बरोबर, ५०४०. आठचं हवं ४०३२०, स्क्रीनवर यायचं उणे २५२१६. टर्बो सी मधला इंट सोळा बिटांचा, त्याची धाव ३२७६७ पर्यंत. पुढे गेलं की आकडा पलटी खाऊन उणेत उतरायचा. हे कारण कुणी सांगत नसे. सर म्हणत, ‘लाँग घ्या’. लाँग घेतलं की गाडी बारापर्यंत नीट जायची आणि तेरावर पुन्हा घसरायची. सर तोवर पुढच्या बेंचवर गेलेले असत.

आज पायथनला शंभरचं फॅक्टोरियल विचारलं तरी तो १५८ आकडी उत्तर निमूटपणे देतो. आम्ही दोन आकड्यांची अदलाबदल तिसरा डबा न घेता कशी करायची, हे घोकून घोकून मुलाखतीला गेलो : आधी बेरीज, मग वजाबाकी, मग पुन्हा वजाबाकी. पायथनमध्ये ती अदलाबदल एका ओळीत होते. आणि खरं सांगायचं तर नोकरीत ही युक्ती कुणी वापरलेली आम्ही पाहिली नाही. आमच्या बऱ्याच टिपा अशाच होत्या, मुलाखतीपुरत्या.

काही तर चक्क चुकीच्या होत्या. एफ-फ्लश एसटीडी-इनचं उदाहरण घ्या. स्कॅन-एफने आधी आकडा वाचायचा, मग ‘आणखी हवंय का, वाय की एन’ असं एक अक्षर वाचायचं. दुसऱ्या वेळी प्रोग्रॅम थांबायचाच नाही, भूत मागे लागल्यासारखा पुढे पळायचा. उपाय प्रत्येक वहीत होता : मध्ये एफ-फ्लश एसटीडी-इन लिहा. लिहिलं की चालायचं. का चालतं, विचारायचं नाही. वास्तविक आकड्यानंतर दाबलेलं एंटर तिथेच पडून असायचं आणि पुढचा स्कॅन-एफ तेच अक्षर म्हणून उचलायचा. आणि सी च्या प्रमाण नियमांप्रमाणे एफ-फ्लश आहे बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी. आत येणाऱ्यावर तो चालवला तर काय होईल याची हमी कुणी देत नाही. टर्बो सी ते चालवून घ्यायचा. लिनक्सवर गेल्यावर तीच ओळ बिनकामाची ठरली. खरा उपाय इतका साधा, की टक्का-सी च्या आधी एक मोकळी जागा सोडायची, बस. वर्षानुवर्षं एका बॅचने दुसऱ्या बॅचला तो चुकीचा मंत्र दिला, आणि त्या बदल्यात चहासुद्धा घेतला.

आज हाच प्रश्न एआयला विचारला तर पडून राहिलेलं एंटर, मोकळी जागा, एफ-फ्लशवर विसंबू नका असा इशारा, सगळं दोन घोटांच्या आत समोर येतं. वर ‘छान प्रश्न विचारलात’ असं कौतुकही. आमचे प्रश्न छान आहेत असं आम्हाला कॉलेजात कुणी म्हटलेलं आठवत नाही.

पण त्या मागच्या पानावर प्रत्येक टिपेपुढे कंसात कुणाचं तरी नाव असायचं. ही जोशीची, ही हॉस्टेलच्या अण्णाची, ही बाहेरून आलेल्या परीक्षकाने जाता जाता सांगितलेली. टीप मिळवावी लागे. सीनियरला विचारलं की तो आधी आपल्याकडे नीट बघायचा, मग म्हणायचा ‘उद्या ये’. काही जण तर फ्लॉपी देताना तिची खिडकी सरकवून कुलूपबंद करूनच देत. ज्याला सीनियर ओळखीचा नाही, ज्याला पुण्यात येऊन अप्पा बळवंत चौकात यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ शोधता येत नाही, जिच्या वाट्याला लॅबमध्ये कीबोर्ड न येता फक्त मागची खुर्ची आली, त्यांच्यासाठी हे शहाणपण नव्हतंच. आज जिंतूरच्या मुलीला मोबाइलवर, मराठीत विचारून, तेच उत्तर मिळतं जे मोठ्या शहरातल्या मुलाला मिळतं. त्यापुढे आमच्या हळहळीची किंमत फार धरू नये.

तरी नोकरीतल्या टिपांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट युनिक्सवर नेली की ती म्हणायची, फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसतेय! मग शेजारचा खुर्ची सरकवत यायचा, व्ही-आय मध्ये फाइल उघडायचा आणि ओळींच्या शेवटी बसलेले टोपीवाले एम दाखवायचा. विंडोज प्रत्येक ओळ दोन अक्षरांनी संपवतं, युनिक्स एकाने. ते जास्तीचं अक्षर म्हणजे हा एम. तो काढायचा तर एम टाइप करून भागत नाही, आधी कंट्रोल व्ही, मग कंट्रोल एम. हे कुठे वाचून नाही, त्याच्या बोटांकडे बघून शिकायचं. पुढच्या आठवड्यात आपण तिसऱ्याकडे खुर्ची सरकवत जायचं, थोड्या ऐटीत.

आता एडिटरच्या खालच्या कोपऱ्यात ओळ कशी संपते ते लिहिलेलंच असतं. क्लिक करून बदलायचं. खुर्ची सरकवायचं कारण उरलं नाही. मधल्या काळात, २००८ पासून, स्टॅक ओव्हरफ्लोवर जगभरची माणसं एकमेकांकडे खुर्च्या सरकवत होती. व्ही-आयचा भाऊ विम, त्यातून बाहेर कसं पडायचं हा तिथला एकच प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. निदान या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो.

फायनल, फायनल-टू, खरंच-फायनल अशा फोल्डरांबद्दल मात्र मुळीच हळहळ नाही. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ मध्ये गिट आणलं, त्याचे उपकार. पण पुढे आणखी एक सोय झाली, तयार पॅकेजांची, आणि ती जरा अंगाशीही आली. कुणीही लिहिलेलं कुणीही उचलावं, इतकं सोपं झालं. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे हजारो प्रोजेक्ट बंद पडले. त्याचं काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरणं. आम्ही त्या अकरा ओळी स्वतः लिहिल्या असत्या. चुकीच्या लिहिल्या असत्या, पण स्वतः.

छापील लिस्टिंग गेलं, त्याच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या एका दमात न तुटता ओढून काढण्याची पैजही गेली. टिकून राहिली ती एकच टीप, आणि ती कुठल्या वहीत लिहिलेलीही नव्हती. प्रोग्रॅम नेमका कुठे अडकतोय ते कळेना, की आम्ही मध्ये प्रिंट-एफ टाकायचो : ‘इथे आलो’. मग ‘इथेपण आलो’. शेवटी वैतागून ‘आलो रे बाबा’. परवा ऑफिसात एका तरुण मुलीच्या स्क्रीनवर डोकावलो. जावास्क्रिप्ट, तीन मॉनिटर, बाजूला एआय उघडलेला, आणि मध्ये कन्सोलवर ओळीने छापलेलं ‘आले’, ‘आले २’, ‘आले ३’.

तिला विचारलं, एआयकडून इतकं नेमकं काम कसं करून घेतेस? म्हणाली, एक फाइल केलीय, त्यात कुठल्या वेळी त्याला काय सांगायचं ते सगळं लिहून ठेवलंय. म्हटलं, आम्हालाही दे की. तिने आधी नीट बघितलं, मग म्हणाली, ‘देते ना सर. उद्या.’