खकनारचा खारा भाडेकरू

निमाडातल्या खकनारला नळाचा भरवसा नसे, पण बापूंच्या बैठकीत समुद्र बारमाही होता. काचेच्या टाकीत शुद्ध केलेलं पाणी, त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम विकतचं समुद्री मीठ, आणि त्यात बोटभर मासा. अंग झळझळीत निळं, पोटाखालून पिवळं. मुंबईच्या एका दुकानदाराने तो ‘ब्लू डॅमसेल’ म्हणून बापूंच्या गळ्यात मारला होता. त्या नावाखाली कितीतरी जाती खपतात.

घरात तो निळोबा. दगडाखालची वाळू तोंडाने उपसून त्याने घर केलं होतं. टाकी साफ करायला हात घातला की नखाशी टोचायला हजर. काकू म्हणायच्या, “मीठ आपलं, पाणी आपलं, अन् रुबाब याचा!” घाबरला की मात्र काळपट पडायचा. त्याचा निळा हा मुळी रंग नव्हेच. कातडीतल्या बारीक पापुद्र्यांवरून परतलेला उजेड तो.

निमाडचा उन्हाळा त्याला जड जाई. बाहेर पारा पंचेचाळिशीला, याला 28 अंशांपलीकडे सोसेना. वीज गेली की बापू पाण्यात बर्फाची बाटली सोडत. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. हे बापूंनी अख्ख्या गल्लीला शिकवलं. टाकी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, ती गोष्ट वेगळी.

त्याची जात कोणती, यावर आमचे वाद रंगत. नुसती शेपूट पिवळी असती तर तो क्रिसिप्टेरा पॅरासेमा, पश्चिम प्रशांतचा. याचं पिवळं पोटापासून सुरू होई. मग आमच्या वादात उरले दोघे, क्रिसिप्टेरा हेमिसायानिया आणि पोमासेंट्रस सेरुलियस. पहिल्याच्या गालाच्या हाडाची कड गुळगुळीत, दुसऱ्याची दातेरी. पण पोहत्या माशाच्या गालावर भिंग धरणार कोण?

एका पावसाळ्यात तो म्हातारा होऊन गेला. बापूंनी त्याला बशीत घेतलं, खिडकीशी नेलं आणि भिंग लावलं. दाते स्पष्ट होते. म्हणजे पोमासेंट्रस, आपल्याच हिंद महासागरातला.

ही जात तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने टाक्यांत वाढवून दाखवली आहे. तेव्हा घरी असा मासा आणणार असाल तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, हा प्रवाळातून पकडलेला की हॅचरीतला?