पंडरीचं कापड, इस्तंबूलचा बाजार

रायपूरच्या पंडरीत राहणाऱ्या मराठी माणसाला एक खुलासा जन्मभर करावा लागतो. पुण्या-नागपूरकडचे नातेवाईक पत्ता लिहिताना हमखास 'पंढरी' लिहितात आणि मग त्यांना सांगावं लागतं, "अहो, आमची पंडरी विठोबाची नव्हे, कापडाची!" छत्तीसगडीत पंडरी म्हणजे पांढरी. इथल्या कापड बाजारात आजूबाजूच्या जिल्ह्यांतले व्यापारी माल भरायला येतात. लग्नसराईत तर पाय ठेवायला जागा नसते.

याच बाजारातल्या एका दुकानात काकांनी एकेचाळीस वर्षं काढली. मालक म्हणून नव्हे, गादीसमोर ठाण उलगडून दाखवणारा विक्रेता म्हणून. त्यांचं घराणं रायपूरला पिढ्यान्‌पिढ्यांचं. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरच्या गादीवर आले, त्या भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात स्थिरावलेली जी मराठी कुटुंबं आहेत, त्यांतलंच हे एक. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगडी, अशा तिन्ही भाषा काकांना सारख्याच सरावाच्या. पण त्यांची खरी भाषा बोटांची. डोळे मिटून कापड चिमटीत धरलं की सूत कुठलं, भेसळ किती, धुतल्यावर आटेल का, हे ते सांगत.

पुढे मालकाच्या मुलांनी दुकान तयार कपड्यांचं केलं. "आता गिऱ्हाईक कापड हातात घेत नाही, लेबल वाचतं," असं म्हणून काका एक दिवस घरी बसले. कुणावर राग नाही, तक्रार नाही. फक्त बोलणं कमी झालं. दुपारी खिडकीशी बसून ते पडद्याची कड बोटांत चोळत राहत. काकूंना ते पाहवत नसे.

2019 मध्ये अमेरिकेतल्या मुलीचं बाळंतपण आलं. काकांचा पहिला प्रश्न होता, "तू जा. मी तिथं कुणाच्या काय उपयोगाचा?" काकूंनी उत्तर न देता दोघांचे पासपोर्ट काढायला दिले. ऑक्टोबरात निघायचं ठरलं. तिकीट त्यातल्या त्यात स्वस्त मिळालं, पण इस्तंबूलला तेरा तासांचा मुक्काम होता. पहाटे उतरायचं आणि संध्याकाळी पुढचं विमान पकडायचं.

मुलीने फोनवर बजावलं, "आई, विमानतळावरच बसा. उगाच बाहेर पडू नका."

"खुर्चीवरच बसायचं तर पंडरीतच काय वाईट होतं?" काकू म्हणाल्या.

काकू शाळेत भूगोल शिकवत. एकच शहर दोन खंडांत, मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी, हे तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलेलं. ते शहर वाटेत लागत असताना झोपून राहणं त्यांना शक्यच नव्हतं. अमेरिकेचा व्हिसा हातात असल्यामुळे तुर्कस्तानचा व्हिसा त्या वेळी घरबसल्या संगणकावरून मिळाला. (हे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी प्रत्येकाने खात्री करून घ्यावी.) मोठं सामान परस्पर पुढे जाणार होतं. हातात एकेक पिशवी, आणि काकांच्या गळ्यात थंडीसाठी चांप्याच्या कोशाचं उपरणं.

रात्रभर समोरच्या पडद्यावर आशिया खंड बोटभर बोटभर मागे सरकत होता. पहाटे विमान उतरलं. घड्याळं अडीच तास मागे केली. नवा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, म्हणून काकूंनी परतीच्या बसची वेळ आधी कागदावर लिहून घेतली आणि मगच पुढे पाऊल टाकलं.

जुन्या शहरात आयासोफियाचा भव्य घुमट समोर उभा राहिला. 537 मध्ये बांधून झालेली ही वास्तू आधी चर्च, 1453 नंतर मशीद आणि त्या वेळी संग्रहालय होती. जुलै 2020 पासून ती पुन्हा मशीद झाली आहे. रांग मोठी होती. काकूंनी बाहेरूनच हात जोडले आणि थेट एमिनोन्यूचा धक्का गाठला.

तिथून उस्कुदारला बोट जाते. प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा. सामुद्रधुनी सुमारे तीस किलोमीटर लांब, पण सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी सातशे मीटरच्या आसपास! काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तीळ लावलेल्या सिमित नावाच्या गोल पावाचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. पलीकडे आशियात उतरून दोघांनी पेलाभर बिनदुधाचा चहा घेतला आणि परतीची बोट पकडून पुन्हा युरोपात आली.

"एवढी वर्षं पोरांना सांगितलं ते खरं होतं हो!" काकू म्हणाल्या. काका हसले. पण ते अजून सोबतीलाच आल्यासारखे चालत होते.

धक्क्याजवळ एका साध्या खानावळीत गरम सूप घेतलं. काकूंनी पहिल्याच चमच्याला ओळखलं, "अगं बाई, ही तर मसुरीची आमटी! फोडणी तेवढी राहिली." जेवण झाल्यावर वाढप्याने 'हेसाप' म्हणत चिठ्ठी पुढे केली. हेसाप म्हणजे हिशेब! काकांनी मान वर केली. बाहेर पाठीवर गठ्ठा घेतलेला एक माणूस वाट मागत गेला. त्याला तिथेही हमालच म्हणतात. दुकानाला दुक्कान आणि तराजूला तेराझी.

"चला, तो बाजार बघू," या वेळी काका म्हणाले.

इस्तंबूलचा झाकलेला बाजार सुलतान दुसरा मेहमेद याच्या आज्ञेने पंधराव्या शतकात उभा राहू लागला. आज छताखाली साठाच्या वर गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत. पण त्याचा मूळ गाभा म्हणजे कापडाची पेठ. त्या गाभ्याला बेदेस्तेन म्हणतात. हा शब्द फारसी 'बज्जाजिस्तान'वरून आला, म्हणजे कापडवाल्यांची जागा. आपल्याकडचं बजाज हे आडनाव त्याच घरातलं! रविवारी हा बाजार बंद असतो. काका-काकूंचा दिवस सुदैवाने गुरुवार होता.

दिवे, दागिने, गालिचे काकांनी नजरेआड केले. ते थांबले एका कापडाच्या दुकानाशी. दारात सुती पातळ टॉवेल लटकत होते. तुर्की लोक त्यांना पेश्तेमाल म्हणतात आणि हमामात वापरतात.

"हा तर आपला पंचा!" काकू म्हणाल्या.

आतल्या तरुण विक्रेत्याने झोकात एक शाल पसरली, "प्युअर सिल्क!" काकांनी ती चिमटीत धरली आणि मान हलवली. पोरगा हट्टाला पेटला. तेव्हा कोपऱ्यात बसलेले म्हातारे दुकानदार उठले. त्यांनी शालीच्या झालरीचा एक धागा तोडून लायटरवर धरला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. हा वास जळक्या कागदाचा होता. म्हाताऱ्याने पोराकडे असं पाहिलं की भाषांतराची गरजच पडली नाही. मग खुर्ची पुढे आली, चहा आला.

म्हाताऱ्याची नजर काकांच्या उपरण्यावर गेली. त्यांनी बोटांनी पोत तपासला, उजेडात धरला, पुन्हा चोळला. रेशीम तर आहे, पण हे खडबडीत, मधाच्या रंगाचं रेशीम कुठलं?

"कोसा," काका म्हणाले.

"कोझा?" म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्यांनी कागदावर एक लांबट अंडाकृती आकार काढला. रेशमाच्या किड्याचा कोष! तुर्की भाषेत कोषाला कोझा म्हणतात. शब्दांचं नातं पंडितांनी ठरवावं, पण त्या दोघांचं नातं तिथेच जुळलं. पोराच्या मोडक्या इंग्रजीतून आणि काकूंच्या शाळेतल्या इंग्रजीतून कळलं, की बुर्सा शहरात 1491 मध्ये बांधलेली कोझा हान नावाची रेशमाची पेठ आजही उभी आहे. काकांनी सांगितलं, की आमचे किडे तुतीवर नव्हे, जंगलात साजा आणि अर्जुनाच्या झाडावर वाढतात. सांगताना त्यांचे हात हवेत ठाण उलगडत होते. दोन वर्षांत काका इतकं बोललेले काकूंनी ऐकलं नव्हतं.

अखेर त्यांनी घड्याळ दाखवलं. बसची वेळ झाली होती. म्हाताऱ्याने दारातला एक पेश्तेमाल घडी करून पुढे केला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. काकांनी क्षणभर विचार केला आणि गळ्यातलं उपरणं काढून त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

दोघं वेळेत विमानात बसली. अमेरिकेत नातीला पहिल्या अंघोळीनंतर त्याच पेश्तेमालात गुंडाळलं. "बाबा, इस्तंबूलला काय पाहिलंत?" मुलीने विचारलं.

"आमची पंडरी," काका म्हणाले.

तेरा तासांत कुठलंही शहर पाहून होत नाही. ज्याच्यासाठी आपले डोळे आणि हात आधीच तयार असतात, तेवढंच दिसतं. म्हणून वाटेतल्या मुक्कामात यादीतली ठिकाणं धावत उरकण्यापेक्षा शिक्षकाने नकाशाची खूण शोधावी, शेतकऱ्याने भाजीबाजार गाठावा आणि कापडवाल्याने कापड चिमटीत धरून पाहावं.

परत आल्यावर काका खिडकीशी बसतात, नाही असं नाही. पण कधी तरी बाजारातली नवी पोरं ठाणाचा तुकडा घेऊन येतात, "काका, जरा देखिए तो, असली है?" काका चष्मा काढून ठेवतात, डोळे मिटतात आणि चिमटी पुढे करतात.